मापात न धरलेला हात

गुरांना पाणी पाजायची लाकडी डोण अंगणात आडवी पडली होती आणि फौजदारीण तिच्यात आडवी झाली होती. वय पासष्ट, डोळे मिटलेले, दोन्ही हात अंगाशी घट्ट.

"हसतेस काय?" डोळे न उघडताच ती सुनेला म्हणाली. "डोकं कुठं टेकलं ते बघ आणि खूण कर."

सुनेनं कोळशानं खूण केली. "आई, बाबा तुमच्यापेक्षा वीतभर उंच आहेत."

"होते. अर्धांगानं आखडलेत आता. माझ्याएवढेच धर. आणि पाणी नाकावर चार बोटं यायला हवं. तिथंही खूण कर."

फौजदारीण हे काही तिचं नाव नव्हे. जिभेमुळे पडलेलं. गावात कुणाची सून उशिरा उठते, कोण प्रार्थनेत डुलक्या घेतं, कुणाच्या शेणीत माती जास्त, सगळ्याचा पंचनामा तिच्याकडे. शाळा दुसरीपर्यंत, पण शास्त्र कानानं पाठ. पाळक एखादा शब्द गाळून पुढे गेला तर बाकावरून खाकरायची.

तिचा नवरा विहिरी खणायचा. पंचक्रोशीत पाणी लागलेल्या निम्म्या विहिरींत त्याची कुदळ पडलेली. पण बाप्तिस्मा घेतला नाही. तीस वर्षं देवळात शेवटच्या बाकावर, दाराशी बसला. गाणी म्हटली, गुडघे टेकले, प्रभुभोजनाची वेळ झाली की उठून बाहेर गेला आणि वहाणा राखत बसला. आता चार महिन्यांपासून डावं अंग गेलं होतं, खाटेवर होता, आणि फौजदारिणीला एकच घोर लागला होता. कबरस्तानाच्या भिंतीच्या आत बाप्तिस्मा झालेली माणसं. बाहेर बाकीची. लेकरांना पाप नसतं म्हणून लेकरं आत, भिंतीला लागून एका ओळीत. त्या ओळीत तिची धाकटी होती, सातव्या वर्षी तापानं गेलेली. फौजदारिणीनं आपली जागा तिच्या पायथ्याशी कधीच बोलून ठेवली होती.

"आणि तुम्ही बाहेर पडणार," ती महिनाभर नवऱ्याच्या उशाशी बसून म्हणत राहिली. "मी तिथं भांडू कुणाशी?"

शेवटी म्हातारा अर्ध्या तोंडानं हसला. शब्द घरंगळत आले. "बरं. बुडव."

*

बुडवायचं म्हटलं तर पाणी नव्हतं. दोन वर्षं पावसानं नुसती हूल दिली होती. देवळाचा बाप्तिस्म्याचा हौद तळापर्यंत तडकला होता, त्यात सरडे ऊन खात होते. गावात जिवंत विहीर एकच, देवळाच्या आवारातली. तिच्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, आणि किल्ली मंडळीच्या पंचांपैकी एका म्हाताऱ्याच्या कमरेला. त्याला सगळे किल्लीवाले म्हणत. सकाळी कुलूप उघडायचं, माणशी एक घागर मोजायची, कुलूप लावायचं. फौजदारिणीच्या घरात माणसं चार: ती, नवरा, मुलगा, सून. घागरी चार.

पाळक नवा होता. दाढी नीट आलेली नव्हती, बोलताना हात चोळायचा. तो घरी आला तेव्हा तिनं त्याला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली.

"आजी, पाऊस पडला, हौद भरला, की पहिला बाप्तिस्मा यांचाच."

"पावसापर्यंत हे थांबतील का?"

"मग... देव समजून घेईल."

"देव घेईल हो. किल्लीवाले घेतील का?"

पाळकानं हात चोळले.

"बरं, मला एक सांगा," ती म्हणाली. "वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी टांगला होता त्या चोराला कुणी बुडवलं होतं? त्याच दिवशी सरळ आत!"

"तो अपवाद होता, आजी."

"म्हणजे माझा नवरा चोर निघाला नाही, तिथं चुकलं."

खाटेवरून म्हाताऱ्याच्या घशातून घरघर आली. तो हसत होता.

"शिंपडून चालणार नाही?" मुलानं दारातून विचारलं. तो बापाचंच काम करायचा. आटलेल्या विहिरी आणखी खोल करून देत हिंडायचा, आणि संध्याकाळी पांढऱ्या धुळीनं भरून, तोंडानं एक शब्द न बोलता घरी यायचा.

"शिंपडणारे वेगळे, आपण वेगळे," फौजदारीणच पाळकाच्या आधी म्हणाली. "धणे पेरल्यासारखं चार थेंब टाकून कुणी नवा होतो का? पुरता गेला पाहिजे. मेला, पुरला, उठला. पाळकसाहेब, डोण चालेल?"

पाळकानं डोणीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. "पूर्ण बुडाले म्हणजे झालं. कशात, ते कुठं लिहिलेलं नाही."

*

सव्वीस घागरी लागणार होत्या. रोज दीड घागर डोणीत, अडीच घरात. मुलानं डोणीच्या फटींत डांबर भरलं, ती म्हाताऱ्याच्या खोलीत भिंतीशी आणून ठेवली आणि वर पत्रा टाकला.

मग घर सुकायला लागलं. भांडी राखेनं घासायची आणि चिंधीनं पुसायची. तोंड धुवायला एक तांब्या, तोच पुढे पाय धुवायला. कपडे धुणं बंद. सुनेच्या ओठांना चिरा पडल्या, जेवताना मीठ लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. म्हाताऱ्याच्या पाठीला खाटेवर पडून फोड आले होते; फौजदारीण ओल्या बोटांनी ते पुसायची, बोटं पुन्हा बुडवायची नाही.

आठव्या दिवशी पत्रा सरकलेला राहिला आणि शेळीनं डोणीत तोंड घातलं. फौजदारीण आत आली तेव्हा शेळीचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. तिनं शेळीला हाणलं नाही. कान धरून बाहेर नेलं आणि म्हणाली, "तुझा झाला बाप्तिस्मा. आता तू आत जाशील."

सून हसली आणि त्याच दमात रडायला लागली. "आई, माझ्या जिभेला कोरड पडलीय. त्या डोणीकडे पाहून रात्रंदिवस तहान लागते. जिवंत माणसं तहानलेली ठेवून बुडवायला पाणी साठवायचं, हे कुठल्या देवाला आवडतं?"

"मला आवडतं," फौजदारीण म्हणाली. "देवाचं नंतर बघू."

पण त्या दिवसापासून तिनं स्वतःच्या वाट्याचा अर्धा तांब्या सुनेपुढे सरकवायला सुरुवात केली. सुनेनं विचारलं तर म्हणायची, "म्हाताऱ्या माणसाला कुठं एवढं लागतं."

ओळीत विहिरीवर बाया कुजबुजायच्या. "राजासारखी आंघोळ घालणार म्हणे नवऱ्याला." फौजदारीण वळून म्हणायची, "हो. तुझ्याला घातली असतीस तर वासानं म्हशी उधळल्या नसत्या." पण जीभ टाळ्याला चिकटायची आणि टोमण्याची धार निम्मी जायची, हे तिलाही कळत होतं.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, पाळक येणार होता. सकाळी तिनं पत्रा काढून पाहिलं. पाणी खुणेच्या खाली दोन बोटं. उन्हानं ओढलं होतं, की शेळीनं, की रात्री सुनेनं ओंजळभर. तिनं विचारलं नाही. एक घागर कमी होती. घरातल्या चारही घागरी त्या दिवशी आधीच ओतून झाल्या होत्या.

तेवढ्यात दारात शेजारीण, पलीकडची, उभी राहिली. कमरेवर भरलेली घागर. एकटी राहायची, तेव्हा दिवसाला तिची घागर एकच.

या बाईचा नवरा म्हणजे म्हाताऱ्याचा जोडीदार. दोघांनी मिळून देवळाची विहीर खणली होती. सात पुरुष खोलीवर, दगडात पहिलं पाणी चमकलं त्याच दिवशी, जोडीदार पाळण्यात बसून खाली उतरत होता आणि चाकावरचा दोर सुटला. वर म्हाताऱ्यानं दोर उजव्या हाताला गुंडाळून धरला. हात कोपरातून उलटा फिरला तरी सोडला नाही, दोरच तुटला. जोडीदार गेला. दोघांचीही नावं बाप्तिस्म्यासाठी पुढच्या महिन्यावर लिहिलेली होती. पंच बसले. बाप्तिस्मा झाला नव्हता. जोडीदाराला भिंतीबाहेर पुरलं. त्या दिवशी म्हाताऱ्यानं आपलं नाव खोडायला लावलं. "तो बाहेर, तर मीही बाहेर." हात वाकडाच बसला, खांद्यातून ताठ, कोपरात काटकोनात वर, खुंटीसारखा.

पलीकडचीनं घागर उंबऱ्यावर ठेवली.

"तुला कुणी सांगितलं?" फौजदारीण म्हणाली.

"तुझं पाणी कमी पडतंय हे विहिरीवर सगळ्यांनाच दिसतं. चेहऱ्यावर मीठ फुटलंय तुझ्या."

"तू दिवसभर काय पिशील?"

"माझ्याच्याला कुणी मोजून पाणी घातलं नाही," पलीकडची म्हणाली. "तुझ्याच्याला घाल." आणि गेली.

फौजदारिणीनं घागर उचलून डोणीत ओतली. पाणी बरोबर खुणेला आलं.

*

पाळक आला. किल्लीवाले साक्षीला आले, आणखी दोन पंच आले. खोलीत डांबराचा नि आजारी माणसाचा वास होता. मुलानं बापाला काखेत हात घालून उचललं, पाय सुनेनं धरले. म्हातारा आता वाळल्या पेंढ्यासारखा हलका झाला होता.

"विश्वास ठेवता?" पाळकानं विचारलं.

"तीस वर्षं," म्हातारा म्हणाला.

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं..."

म्हातारा पाण्यात उतरला. पाय गेले, पोट गेलं, छाती गेली. पाळकानं कपाळावर हात ठेवून हलकेच दाबलं, चेहरा गेला, पांढरे केस पाण्यात पसरले. एक बुडबुडा वर आला.

आणि उजवा हात पाण्याबाहेर उभा राहिला. कोपरापासून वर, पंजा अर्धवट मिटलेला, काहीतरी धरून ठेवल्यासारखा.

फौजदारिणीनं लांबी मोजली होती, रुंदी मोजली होती, नाकावरची चार बोटं मोजली होती. मोजताना स्वतःचे दोन्ही हात अंगाशी धरून झोपली होती. तीस वर्षांत त्या हाताची घराला इतकी सवय झाली होती की मापात तो कुणी धरलाच नव्हता. घरातली माणसं त्यावर टॉवेल टाकायची.

म्हाताऱ्याला वर काढलं. तो खोकला, डोळे उघडले. "झालं?"

पाळक म्हणाला, "झा..." आणि किल्लीवाल्यांकडे पाहून थांबला.

"हात राहिला," किल्लीवाले म्हणाले.

"हात गेला काय नि राहिला काय," मुलगा म्हणाला.

"पूर्ण म्हणजे पूर्ण. मी नाही म्हणत, नियम म्हणतो."

"एका कुशीवर घ्या, हात जाईल," सून म्हणाली. त्यांनी घेऊन पाहिलं. हात गेला तर दुसरा खांदा वर आला. पालथं घालून पाहिलं. हात तळाला टेकून पाठ बाहेर उचलली गेली. म्हाताऱ्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. चार माणसं त्याला डोणीत उलटसुलट करत होती, आणि तो शहाण्या जनावरासारखा करू देत होता. तेवढ्या धांदलीत त्याचं धोतर सुटलं. तेव्हा मात्र फौजदारीण ओरडली, "पुरे!"

तिनं तांब्या भरला आणि त्या हातावर ओतला. मनगटावरून पाणी ओघळलं. "घ्या. भिजला."

"हे शिंपडणं झालं, वहिनी," किल्लीवाले म्हणाले. "आपल्यात चालत नाही. तुम्हीच सांगत आलात सगळ्यांना."

"त्याच हातानं खणलेल्या विहिरीची किल्ली तुमच्या कमरेला आहे!"

किल्लीवाल्यांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. "माझा सख्खा भाऊ भिंतीबाहेर आहे," ते म्हणाले. "बाप्तिस्म्याला चार दिवस उशीर झाला म्हणून. आई पाया पडली माझ्या. तरी मी त्याला आत घेतला नाही. आता तुमच्यासाठी वाकलो तर त्याला काय सांगू?"

फौजदारिणीनं रिकामा तांब्या डोणीशेजारी पालथा ठेवला.

"मी वरच्या मंडळाला पत्र लिहून विचारतो," पाळक म्हणाला. "तोवर पाणी राहू द्या डोणीत."

सगळे गेल्यावर म्हाताऱ्यानं तिला जवळ बोलावलं. कोरडं धोतर नेसवताना तो त्या हाताकडे बघून हळूच म्हणाला, "तो दोर सोडत नाहीये अजून."

*

उत्तर यायच्या आत, तिसऱ्या दिवशी दुपारी, म्हातारा गेला. सून पेज भरवत होती. एक घोट गिळला, दुसरा ओठांतच राहिला.

सुतारानं पेटी आणली. झाकण लागेना. हात वर उभा. सुतार जुना माणूस, डोकं खाजवत म्हणाला, "खांद्याशी थोडा जोर दिला तर..."

"तीस वर्षं मोडकाच आहे," फौजदारीण म्हणाली. "आणखी मोडायचा नाही. पेटी घेऊन जा."

किल्लीवाले आले, डोक्यावरची टोपी हातात. "वरून उत्तर आलेलं नाही, वहिनी. दोन दिवस थांबलात तर..."

"या उन्हात?"

त्यांनी टोपी हातातल्या हातात फिरवली.

ती उठली. गुडघे कडकड वाजले. मुलाला म्हणाली, "कुदळ घे. बाहेर खण. जोडीदाराच्या शेजारी, भिंतीला लागून."

"आई, धाकटी..."

"मला माहीत आहे धाकटी कुठं आहे. बरोबर तिच्या समोर, अलीकडून."

जमीन दगड झाली होती. कुदळ उडून परत येत होती, ठिणग्या पडत होत्या. मुलगा हातावर थुंकून म्हणाला, "पाणी मुरवल्याशिवाय हिला धार लागायची नाही."

तेव्हा फौजदारीण घरी गेली आणि डोणीवरचा पत्रा काढला. सुनेनं घागरी भरून द्यायच्या, तिनं न्यायच्या. गाव बघत होतं. ज्या बाया ओळीत हसल्या होत्या त्यांनी माना खाली घातल्या. एकीनं म्हटलं, "अगं, जनावरांना तरी दे ते." फौजदारीण थांबली नाही. शेवटची एक घागर तेवढी तिनं बाजूला काढून भिंतीच्या सावलीत ठेवली. बाकी सगळं पाणी जमिनीत गेलं, जमीन फसफसली, आणि कुदळ रुतायला लागली.

खांद्याइतका खड्डा झाल्यावर मुलगा थांबला. भिंतीच्या बाजूनं हात फिरवून म्हणाला, "आई, हिचा पाया कधीच संपला. दीड हात आहे फक्त."

"मग खाली?"

"खाली काय, मातीच. आतली नि बाहेरची एकच."

ती काठावर गुडघे टेकून वाकली. भिंतीचे दगड दीड हातावर संपले होते, त्याखाली ओली, काळपट माती पलीकडे तशीच गेली होती. तिथून कसलंसं बारीक मूळ बाहेर आलं होतं. तीस वर्षं ती भिंत तिनं पाहिली होती, तिच्या चुन्यासाठी घरोघर फिरली होती.

"खण अजून," ती म्हणाली. "चांगलं खाली जा."

भिंतीच्या आतून किल्लीवाल्यांचा आवाज आला. "वहिनी, बस झालं! कबर आहे की विहीर?"

"विहीरवाल्याची आहे. तुम्ही वरची भिंत सांभाळा."

चादरीत गुंडाळून त्याला उतरवलं. हात चादरीबाहेर राहिला. मुलानं आईकडे पाहिलं. "कुठल्या कुशीवर?"

"हात जोडीदाराकडे."

पाळक फाटकाच्या आत उभा होता, पुस्तक छातीशी. "आजी, मी प्रार्थना करू?"

"कुठून करणार?"

त्यानं एक पाय उचलला. किल्लीवाल्यांकडे पाहिलं. पाय खाली ठेवला, होता तिथंच. आतूनच त्यानं वाचलं. वारा आडवा होता. अर्धे शब्द अलीकडे आले, अर्धे नाही. गाळलेल्या जागी फौजदारीण खाकरली नाही.

माती लोटून झाल्यावर माणसं पांगली. मुलगा हत्यारं घेऊन गेला, सून त्याच्या मागे. पलीकडची तेवढी राहिली, आपल्या नवऱ्याच्या मातीवरचे खडे वेचत. तिथं पाटी नव्हती, नुसता उंचवटा.

फौजदारिणीनं सावलीतली घागर आणून तिच्यापुढे ठेवली. "तुझी."

"परत घ्यायला दिली नव्हती."

"मला कुणाचं ठेवून घेणं जमत नाही."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर दिली."

फौजदारिणीचे ओठ एकमेकांना चिकटले होते, सकाळपासून तिनं थेंब घेतला नव्हता. शेवटी तिनं ते काढलं, दाढ उपटल्यासारखं. "तुझा गेला तेव्हा बायकांच्या बैठकीत... नियम म्हणजे नियम, एकाला आत घेतलं तर उद्या कुत्रीमांजरं येतील, असं कुणीतरी बोललं होतं. ती मी होते."

"मी मागच्या बाकावर होते," पलीकडची म्हणाली. "ऐकलं होतं."

तिनं घागर कलती केली. "ओंजळ कर."

"नको."

"कर म्हणते ना."

फौजदारिणीनं ओंजळ केली. निम्मं पाणी कोपरांवरून गेलं. पाणी कोमट होतं, त्याला डांबराचा वास होता, वर एक पांढरा केस तरंगत होता. तिनं तो काढला नाही. प्याली. ठसका लागला, तरी पलीकडची ओतत राहिली. तिसऱ्या ओंजळीला फौजदारिणीनं मान हलवली, तेव्हा ती थांबली.

मग पलीकडचीनं उरलेली घागर कमरेवर घेतली आणि घरी नेली. त्या दिवसांत सांडायला पाणी कुणाकडेच नव्हतं.